लॅपटॉप घेताना आम्ही एक प्रश्न विचारला नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

या कार्यक्रमात आपण नेहमी कर्ज, हप्ते, व्याज आणि परवाने यांविषयी बोलतो. आज मात्र आम्ही बोलणार आहोत कॉम्प्युटरच्या आणि मोबाईलच्या पोटातल्या चिपविषयी. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. या चिपपायी आमच्या गटाची मागची दिवाळी कशी गेली, ते आधी ऐका.

दोन वर्षं पैसे बाजूला टाकून आमच्या गटाने लॅपटॉप घेतला. त्यात पापड-चटणीचा नफा होता आणि कर्जावरच्या व्याजातून उरलेले पैसेही होते. वहीतला हिशेब कॉम्प्युटरवर आणायचा होता आणि पाकिटांवरची लेबलं आपली आपण छापायची होती. लेबलाचा छोटा प्रिंटर आमच्याकडे आधीपासून होता. एका सभासदाच्या मुलाच्या लॅपटॉपला तो जोडायचो आणि काम भागायचं. मुलाला नोकरी लागली, तो गावाबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा लॅपटॉपही गेला.

आमची खजिनदार बी.कॉम. झालेली आहे. तीच तालुक्याला जाऊन नवा लॅपटॉप घेऊन आली. हलका, पातळ, अजिबात न तापणारा. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदा चार्ज केला की दिवसभर बघायला नको." तिने विचारलं, "आमचा हिशेबाचा प्रोग्राम चालेल ना? प्रिंटर चालेल ना?" तो म्हणाला, "विंडोज आहे ना? मग सगळं चालतं."

हिशेबाचा प्रोग्राम चालला. मराठी टायपिंग झालं. लाईट गेली तरी लॅपटॉप सुरू राहिला, म्हणून आम्ही खूश. मग प्रिंटर जोडला. प्रिंटरबरोबर आलेला जोडप्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो काही केल्या बसेना. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरसाठी नाही, एवढंच पडद्यावर यायचं. दुकानात फोन केला तर म्हणाले, प्रिंटरवाल्यांना विचारा. प्रिंटरवाल्यांना केला तर म्हणाले, लॅपटॉपवाल्यांना विचारा. इकडे प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. शेवटी रात्री दोनपर्यंत बसून आम्ही चारशे पाकिटांवर हाताने लेबलं लिहिली. नाव, वजन, तारीख, किंमत, परवान्याचा नंबर, सगळं चारशे वेळा. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागून निम्म्या लेबलांची शाई फुटली.

त्यानंतरच्या बैठकीत एक काकू बोलून गेल्या, "शिकलेल्या पोरीला पाठवलं, तर ही तऱ्हा." खजिनदार काही बोलली नाही. तिने वही मिटून अध्यक्षांपुढे ठेवली आणि म्हणाली, "माझ्या बचतीतून कापून घ्या."

मैत्रिणींनो, ती वही तशीच मिटलेली राहिली असती, तर लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोठं नुकसान झालं असतं. म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते शोधायचं आम्ही ठरवलं. विचारत, वाचत गेलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाईलमध्ये प्रोसेसर नावाची एक चिप असते. सगळं काम ती करते, पण ती फक्त हुकमाची ताबेदार. तिला येणाऱ्या आज्ञा अगदी साध्या असतात: हे दोन आकडे मिळव, ही बेरीज तिथे ठेव, उत्तर शून्य आलं तर अमुक ठिकाणी जा. तुमचा हिशेबाचा प्रोग्राम असो की मोबाईलवरचा फोटो, शेवटी अशा कोट्यवधी आज्ञांची ती यादी असते. प्रत्येक आज्ञा आकड्यांत लिहिलेली असते. चिपला ज्या ज्या आज्ञा कळतात, त्या सगळ्यांना मिळून तिचा आज्ञासंच म्हणतात. सोपं करून म्हणायचं, तर ती चिपची भाषा.

आता खरी गोम इथे आहे. सगळ्या चिपांची भाषा एक नाही. जगात मुख्य दोन घराणी आहेत. एक आहे एक्स८६, म्हणजे इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या चिपा. दुसरं आहे आर्म. तुमच्या-आमच्या हातातले जवळपास सगळे मोबाईल या घराण्यातले. एका घराण्यासाठी लिहिलेली आज्ञांची यादी दुसऱ्या घराण्याच्या चिपपुढे ठेवली, तर तिला ओ की ठो कळत नाही.

आपल्याकडे जमिनीचे जुने कागद निघतात. ते मोडीत असतात. भाषा मराठीच असते. त्यात आपल्याच पणजोबांचं नाव असतं, आपल्याच शेताच्या चतुःसीमा असतात. तरी आपल्याला वाचता येत नाही. मोडीचा जाणकार शोधून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. प्रोग्रामचंही असंच असतं. काम तेच, पडद्यावर दिसणारं चित्र तेच, पण आतली आज्ञांची यादी ज्या घराण्यासाठी लिहिली, त्यालाच ती वाचता येते. आमचा लॅपटॉप आर्म घराण्यातला होता आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एक्स८६ साठी लिहिलेला होता. दुकानदाराने वरचं विंडोज पाहिलं. आतली चिप कोणती, ते पाहिलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग अशी दोन घराणी झालीच का? एकच भाषा ठेवली असती तर काय बिघडलं असतं? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर दोघांच्या जन्माच्या गोष्टीत आहे.

एक्स८६ चा जन्म अमेरिकेतला. १९७८ साली इंटेलने ८०८६ नावाची चिप काढली. पुढच्या चिपांचे नंबर ८०१८६, ८०२८६, ८०३८६ असे चढत गेले. शेवटी ८६ कायम, म्हणून घराण्याचं नाव एक्स८६ पडलं. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात ८०८८ ही याच घराण्यातली चिप होती. तो कॉम्प्युटर खूप खपला, इतर कंपन्यांनी त्याच्यासारखे कॉम्प्युटर काढले आणि ऑफिसांचे, बँकांचे, दुकानांचे प्रोग्राम त्याच भाषेत लिहिले गेले. तेव्हापासून इंटेलने एक पथ्य पाळलं. नवी चिप कितीही वेगवान करायची, पण जुन्या आज्ञा तिला कळल्याच पाहिजेत. जुन्या वाड्याला खोल्या जोडत जावं आणि मूळ माजघर तसंच ठेवावं, तशी ही भाषा वाढत गेली.

हे पथ्य किती मोलाचं होतं, ते इंटेललाच एकदा कळलं. २००१ मध्ये त्यांनी इटॅनियम नावाची चिप आणली. तिची भाषा संपूर्ण नवी होती. तिच्यावर जुने प्रोग्राम रखडायला लागले. २००३ मध्ये एएमडीने जुन्याच एक्स८६ भाषेला नवी जोड देऊन ६४ बिटची चिप काढली. म्हणजे एका वेळी मोठे आकडे हाताळणारी आणि जास्त मेमरी वापरता येणारी. लोक तिकडे वळले. २००४ मध्ये इंटेललाही तीच वाट धरावी लागली. आपला जुना प्रोग्राम सोडून नव्या चिपमागे जायला लोक तयार नसतात.

आर्मचा जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिज गावचा. तिथे एकॉर्न नावाची छोटी कंपनी होती. शाळांमध्ये वापरला जाणारा बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर त्यांनीच बनवला होता. पुढच्या कॉम्प्युटरसाठी त्यांना मनासारखी चिप मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच चिप आखायला घेतली. भाषा ठरवली सोफी विल्सन यांनी आणि चिपची रचना केली स्टीव्ह फर्बर यांनी. माणसं थोडी, पैसा थोडा, म्हणून चिपही साधी ठेवली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप चालू झाली. तिच्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्ये ते सुमारे २ लाख ७५ हजार होते.

त्या पहिल्या चिपची एक गंमत फर्बर यांनी पुढे सांगितली आहे. चिप किती वीज खाते ते मोजायला त्यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर. चिप मात्र चालू! नीट पाहिलं, तेव्हा कळलं की चिपला वीज देणारी तार जोडलेलीच नव्हती. शेजारच्या तारांमधून जी किरकोळ वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती काम करत होती. कमी विजेची चिप करायची हे त्यांनी ठरवलं होतं, पण इतकी कमी लागेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

आर्मच्या भाषेचं मर्म समजायला आपली पापडाची रांग आठवा. एक जण लाट्या करते, दुसरी लाटते, तिसरी उचलून वाळत घालते. लाट्या सारख्या मापाच्या असल्या की रांग कशी भराभर चालते! मध्येच एखादी लाटी वाटीएवढी आली, तर लाटणारी अडते आणि तिच्यामागे सगळ्या अडतात. प्रोसेसरही आज्ञा अशाच रांगेत पुढे सरकवतो. आर्मच्या मूळ भाषेत प्रत्येक आज्ञा एकाच मापाची, ४ बाइटची होती आणि बहुतेक आज्ञा साध्या होत्या. एक्स८६ ची आज्ञा १ बाइटची असू शकते आणि १५ बाइटचीही. कुठे एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली, हे आधी शोधावं लागतं. त्यासाठी चिपमध्ये जास्तीची यंत्रणा लागते.

इंटेलनेही यावर तोड काढली. १९९५ च्या पेंटियम प्रो चिपपासून त्यांनी मोठ्या आज्ञा आतल्या आत कापून छोट्या लाट्या करायला सुरुवात केली. त्यामुळे आज वेगात कुठलंच घराणं मागे नाही. बॅटरी किती टिकते, हेही केवळ भाषेवर ठरत नाही. चिप कशी आखली, कोणत्या कामासाठी आखली, कारखान्यात किती बारीक घडवली, यावर जास्त ठरतं. पण आर्मवाल्यांचं लक्ष सुरुवातीपासून कमी विजेवर राहिलं आणि त्याचं फळ त्यांना मोबाईलमध्ये मिळालं.

१९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून आर्मची वेगळी कंपनी काढली. तिचा धंदा ऐकण्यासारखा आहे. तिने स्वतः चिपा बनवून विकण्याऐवजी चिपची आखणी आणि भाषा वापरायचा हक्क विकला. आपण गोडा मसाला न विकता त्याचं प्रमाण लिहून विकावं आणि दळणाऱ्या दहा गिरण्यांकडून पैसे घ्यावेत, तसंच हे. क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, ॲपल या सगळ्यांनी ते प्रमाण घेतलं आणि आपापल्या परीने चिपा केल्या. एक्स८६ मध्ये मात्र आजही मुख्यतः इंटेल आणि एएमडी हे दोघेच आहेत. नोकियाचा ६११० हा साप पळवायच्या खेळाचा फोन आठवतो का? त्यात आर्म होती. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये आर्म होती. अँड्रॉइड फोनही याच वाटेने आले.

अशी वाटणी झाली. टेबलावर एक्स८६ आणि हातात आर्म. दोघांनी एकमेकांच्या अंगणात शिरायचा प्रयत्न मात्र केला.

२०१२ मध्ये इंटेलची चिप असलेला झोलो एक्स९०० हा स्मार्टफोन आपल्या भारतातच बाजारात आला. लावा या भारतीय कंपनीने तो आणला होता. तोवर मोबाईलचे कितीतरी ॲप आर्मच्या भाषेत तयार झालेले होते आणि इंटेलच्या फोनला त्यांचं भाषांतर करत बसावं लागायचं. २०१६ मध्ये इंटेलने मोबाईलच्या चिपांमधून अंग काढून घेतलं.

उलट्या बाजूनेही तेच झालं. २०१२ मध्येच मायक्रोसॉफ्टने आर्म चिपवर चालणारं विंडोज आरटी आणि त्याचा सरफेस आरटी हा टॅब्लेट काढला. दिसायला विंडोज, पण लोकांचे जुने विंडोजचे प्रोग्राम त्यावर चालेनात. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टला त्या टॅब्लेटपायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. हे वाचलं, तेव्हा आमच्या अध्यक्षकाकू म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यांची फसगत झाली, तर आपल्या पोरीला काय बोलायचं?"

ॲपलने मात्र २०२० मध्ये आपले मॅक कॉम्प्युटर इंटेलवरून आर्मवर नेऊन दाखवले. त्यांच्या एम१ चिपबरोबर त्यांनी रोझेटा नावाचा दुभाषा दिला. जुना प्रोग्राम उघडला की तो आज्ञांचं भाषांतर करतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आजच्या आर्मवरच्या विंडोजमध्येही असा दुभाषा आहे. आमचा हिशेबाचा प्रोग्राम त्याच्यामुळेच चालला.

मग प्रिंटर का अडला? कारण हा दुभाषा साध्या प्रोग्रामांपुरता असतो. ड्रायव्हर हा साधा प्रोग्राम नव्हे. तो विंडोजच्या अंतर्भागात शिरून यंत्राशी बोलतो. पाहुण्यांशी ओसरीवर दुभाष्यामार्फत बोलता येतं, पण चुलीपाशी काम करणारी बाई घरचीच लागते. ड्रायव्हर आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो आणि तो लिहिणं प्रिंटर बनवणाऱ्यांचं काम असतं. त्यांनी लिहिला असेल तर काहीच अडत नाही. आमच्या प्रिंटरसाठी तो लिहिलेला नव्हता. प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, स्कॅनर, अशी जोडायची यंत्रं ज्यांच्या कामात आहेत, त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

जाता जाता तिसऱ्या घराण्याचं नावही ऐकून ठेवा. रिस्क-फाइव्ह. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात ही भाषा तयार व्हायला लागली. ती वापरायला कुणाला हक्काचे पैसे द्यावे लागत नाहीत. आयआयटी मद्रासने तिच्यावर शक्ती नावाचे प्रोसेसर केले आणि आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने वेगा नावाचे. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये ते इतक्यात दिसणार नाहीत, पण भाषेचे पैसे न भरता आपल्या देशात चिप आखता येते, हे त्यातून दिसलं.

आता कामाचं बोलू. तुमचा गट लॅपटॉप घेणार असेल, तर दुकानात जाण्याआधी एका कागदावर आपली कामं लिहा. कोणता प्रोग्राम वापरता, कोणती यंत्रं जोडता, त्यांचे मॉडेल नंबर काय, सगळं लिहा. मग दुकानात पहिला प्रश्न विचारा: "यातला प्रोसेसर कोणता, इंटेल-एएमडीचा की आर्मचा?" इंटेल कोअर, सेलेरॉन, एएमडी रायझन ही नावं असली, तर तो एक्स८६. स्नॅपड्रॅगन किंवा मीडियाटेक असेल, तर आर्म. ॲपलच्या एम१ आणि पुढच्या एम चिपाही आर्म. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर विंडोज लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडायला सांगा. तिथे सिस्टिम टाइप या ओळीत एक्स६४ लिहिलं असेल तर इंटेल-एएमडीचं घराणं, आर्म लिहिलं असेल तर आर्मचं. क्रोमबुक असेल तर चिप कोणतीही असो, विंडोजचे प्रोग्राम त्यावर थेट बसत नाहीत.

दुसरं, शक्य असेल तर आपला प्रिंटर पिशवीत घालून दुकानात न्या आणि समोर छापून पाहा. लाज वाटू देऊ नका. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतोच ना? आणि तिसरं, यंत्र आमच्या कामाला चाललं नाही तर परत घ्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

याचा अर्थ आर्मचा लॅपटॉप वाईट, असा मुळीच नाही. नुसता हिशेब, पत्रं, व्हिडिओ कॉल आणि इंटरनेट एवढंच काम असेल आणि गावात लाईटचा भरवसा नसेल, तर तो सोन्यासारखा. जुने प्रोग्राम आणि जुनी यंत्रं सांभाळायची असतील, तर एक्स८६ बरा. आधी काम बघावं, मग यंत्र.

आमच्या गटाचं पुढे काय झालं? दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही. पण तो वाया गेला नाही. बैठकांचा हिशेब त्याच्यावरच होतो आणि लाईट गेली तरी बैठक थांबत नाही. लेबलांसाठी आम्ही इंटेलची चिप असलेला एक जुना कॉम्प्युटर थोडक्या पैशांत घेतला. या वेळी प्रिंटर बरोबर नेला होता आणि नेणारी आमची खजिनदारच होती.

ज्या बैठकीत आम्ही हे सगळं एकमेकींना समजावून सांगितलं, त्या बैठकीत त्याच काकूंनी मिटलेली वही उचलून तिच्या हातात दिली. म्हणाल्या, "तू विचारलं होतंस गं. काय विचारायचं, ते आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं." मग तिने त्या वहीत ठराव लिहिला: यापुढे गटाचं कोणतंही यंत्र कामावर चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. खाली अकरा सह्या झाल्या.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल, तर आमच्या रेडिओवर येऊन जरूर सांगा.